सतरा क्यू दोन एक

आमच्या लॅबमध्ये 'सतरा क्यू एकवीस' म्हटलेलं चालत नसे. 'सतरा क्यू दोन एक' असंच म्हणायचं. नवीन मुलगी एकवीस म्हणाली की मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर करून नुसत्या बघायच्या, पुढच्या वेळी तिच्या तोंडून आपोआप दोन एक यायचं. कारण साधं आहे. सतरा म्हणजे १७ नंबरचं गुणसूत्र, क्यू म्हणजे त्याचा लांब हात (आखूड हात तो पी), दोन म्हणजे त्या हातावरचा दुसरा विभाग आणि एक म्हणजे त्या विभागातला पहिला पट्टा. मोजायला सुरुवात मधल्या चिमट्यापासून, म्हणजे सेंट्रोमिअरपासून. आमच्या गोव्यात फोंड्याकडे पत्ता सांगतात ना, आधी गाव, मग वाडा, मग घर, तसंच. पोस्टमनला एवढं पुरतं.

पत्ते लिहायची ही रीत १९७१ साली पॅरिसच्या परिषदेत ठरली. गुणसूत्रांना नंबर त्याआधीच पडले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्यातही एक गंमत आहे: २१ नंबरचं गुणसूत्र २२ पेक्षा लहान आहे. हे लक्षात आलं तोवर डाऊन सिंड्रोमचं गुणसूत्र म्हणून २१ हा आकडा सगळीकडे पक्का झाला होता, मग बदलायला कोणी हात लावला नाही.

मी मुंबईत परळच्या बाजूला एका लॅबमध्ये सायटोजेनेटिक्सची, म्हणजे पेशींतली गुणसूत्रं तपासणारी, टेक्निशियन होते. आता फोंड्याला माहेरच्या घरी असते. गावात माझी ओळख 'ती मुंबईत रक्त तपासायची' एवढीच, आणि मीही ती सुधारायच्या भानगडीत पडत नाही. पण पेपरात 'कॅन्सरचं जनुक सापडलं' अशी बातमी आली की कोणीतरी विचारतंच, सापडलं म्हणजे काय, आणि त्याचा पत्ता कळून उपयोग काय? माझं मत असं की नुसत्या पत्त्याला फारशी किंमत नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कारणांसाठी शोधलेले पत्ते एकच निघतात तेव्हा खरी मजा असते. कॅन्सरच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडलं.

आधी थोडं कामाबद्दल, कारण पुस्तकांत ते दोन ओळींत उरकलेलं असतं. हिरव्या बुचाच्या नळीत अस्थिमज्जा येते. जांभळ्या बुचाची आली तर आमच्या कपाळाला आठ्या, कारण त्यातलं औषध पेशी वाढवायला चांगलं नाही. पेशी एक दिवस इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर ठेवायच्या, मग कोल्सेमिड घालून विभाजनाच्या ऐन मध्यावर त्यांना अडवायचं. त्यानंतर पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण. ते पिऊन पेशी टम्म फुगतात. मग मिथेनॉल तीन भाग आणि ॲसेटिक ॲसिड एक भाग, ताजंच केलेलं, आणि तेही सुरुवातीला थेंबाथेंबाने. घाई केली की सगळ्या पेशींचा गोळा होतो आणि रुग्णाला पुन्हा सुई. हाताला व्हिनेगरसारखा वास लागायचा तो घरी जाऊन भात कालवतानाही यायचा.

यानंतर पिपेटमधून गार ओल्या काचेवर थेंब टाकायचा. इथे हवामान मधे पडतं. थेंब भरभर सुकला तर गुणसूत्रं एकमेकांत अडकून राहतात, फार सावकाश सुकला तर इतकी पांगतात की कुठलं कोणाच्या पेशीतलं ते कळत नाही. एसीच्या कोरड्या हवेत आम्ही काच वॉटर बाथच्या वाफेवर क्षणभर धरायचो आणि जुलैत टेबल लॅम्पखाली. हे प्रमाण कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं, ज्याच्या त्याच्या हातात असायचं. पावसाळ्यात गोव्यात हे काम कसं करत असतील, असा विचार मी तेव्हाही करायचे.

मग ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, ते काही सेकंदच. कमी पडलं तर गुणसूत्र नुसतं काळं दिसतं, जास्त झालं तर सुजून भुतासारखं. बरोबर जमलं की जिम्सा रंगाने काळे-पांढरे पट्टे उठतात आणि प्रत्येक गुणसूत्र चेहऱ्याने ओळखता येतं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींतली गुणसूत्रं बिचारी आखूड आणि केसाळ येतात, त्यामुळे एका रुग्णासाठी २० पेशी नीट मोजायच्या म्हणजे अख्खी दुपार. सुरुवातीच्या काळात फोटो काढून, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून, डिंकाने कागदावर जोड्या लावायचो. पंखा लावायची बंदी.

टम्म फुगवण्याची ही युक्ती एका चुकीतून निघाली. १९५२ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये टी. सी. शू यांना एकदा काचेवर गुणसूत्रं सुरेख पसरलेली दिसली. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं, पेशी धुवायचं खारं पाणी कोणीतरी जास्तच पातळ बनवलं होतं. कोणी, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ते द्रावण बनवणारं माणूस टेक्निशियनच असणार, आणि आमच्या जमातीचा तो सर्वांत मोठा शोध अनामिक आहे. त्यानंतरही माणसाची गुणसूत्रं ४८ असंच शू धरून चालत होते. ती ४६ आहेत हे जावामध्ये जन्मलेल्या टिओ यांनी लेवान यांच्याबरोबर स्वीडनमध्ये १९५६ साली दाखवलं. किती उशिरा! तोवर डीएनएची दुहेरी गोल शिडीसुद्धा माहीत होऊन तीन वर्षं झाली होती.

चार वर्षांनी, १९६० मध्ये, फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत एक इवलंसं गुणसूत्र दिसलं. रुग्ण बदलला तरी तेच. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र नाव पडलं. पण तेव्हा पट्टे उठवायची पद्धत नव्हती. एक तुकडा गळून गेला असेल असा समज झाला आणि तो तेरा वर्षं टिकला.

तो मोडला जॅनेट रौली यांनी, शिकागोत. तोपर्यंत पट्टे दिसू लागले होते. त्या फोटो घरी आणायच्या आणि जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रं कापत बसायच्या. आईला कागदाच्या बाहुल्या खेळायचा पगार मिळतो, अशी मुलं चेष्टा करायची. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की तुकडा गळलेला नाही, २२ नंबरवरून निघून तो ९ नंबरच्या टोकाला जाऊन बसलाय. म्हणजे अदलाबदल. रिपोर्टात आम्ही लिहितो तो 'टी, नऊ-बावीस' तो हाच. त्या टेबलाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातात कात्री होती, त्यामुळे रौलीबाईंविषयी मला जरा जास्तच जवळीक आहे हे कबूल.

इथवर तुटण्याच्या जागा कळल्या: नऊवर क्यू तीन चार, बावीसवर क्यू एक एक. तिथे कोण राहतं ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

दुसरीकडे, या लोकांशी काही देणंघेणं नसलेली वेगळीच मंडळी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या कॅन्सरमागे लागली होती. काही विषाणू प्राण्यांत कॅन्सर करतात, आणि तो करणारं जनुक विषाणूचं स्वतःचं नसून कधीकाळी प्राण्याच्या पेशीतूनच उचललेलं असतं, हे बिशप, वार्मस हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं. १९८९ चं नोबेल या दोघांना मिळालं. मग एकेका विषाणूतल्या जनुकाचं माणसातलं भावंड शोधायची झुंबड उडाली: एसआरसी, एमवायसी, रास, एबीएल. भावंडं मिळाली, पण ती ४६ मधल्या कोणत्या गुणसूत्रावर?

यासाठी वापरलेली युक्ती मला आजही वेडी वाटते. माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकत्र जोडून एक करायची. अशी संकरित पेशी वाढते, पण वाढताना माणसाची गुणसूत्रं एकेक करून टाकत जाते, उंदराची ठेवते. कुठली टाकेल याचा नेम नाही. त्यामुळे कालांतराने वेगवेगळे वाण तयार होतात: एकात माणसाचं ३ आणि ९ उरलंय, दुसऱ्यात ९ आणि १७, तिसऱ्यात फक्त १२. आता प्रत्येक वाणात आपलं जनुक आहे की नाही बघायचं. ज्यांत ९ आहे त्या सगळ्यांत ते सापडतंय आणि ज्यांत ९ नाही त्यांत कुठेच नाही, तर पत्ता लागला. भरपूर कंटाळवाणं काम, आणि प्रत्येक वाणातली गुणसूत्रं ओळखायला शेवटी काचेवर थेंब टाकणारा माणूस लागायचाच. असे पत्ते गोळा करायला १९७३ पासून जीन मॅपिंगच्या परिषदा भरत. तिथे प्रत्येक गुणसूत्राची वेगळी समिती असे, आणि कोणाचा पत्ता पक्का, कोणाचा कच्चा, यावर वाद.

१९८२ मध्ये या रीतीने एबीएलचा पत्ता लागला: नऊ, लांब हात, टोकाकडे. हे जनुक उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूतून आलेलं. आणि रौलीबाईंच्या रुग्णांत ९ नंबर तुटायचा तो तिथेच! त्याच वर्षी सिद्ध झालं की सीएमएलमध्ये एबीएल उचलून २२ वर नेलेलं असतं. तिथे ते दुसऱ्या जनुकाला, बीसीआरला, चिकटतं आणि दोघांचं मिळून जे प्रथिन बनतं त्याचं बटण कायम चालू राहतं. त्याच वर्षी एमवायसीचंही असंच झालं. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणारा बर्किट लिम्फोमा हा कॅन्सर, त्यात ८ आणि १४ ची अदलाबदल होते हे आधीच दिसलेलं होतं, आणि एमवायसीचा पत्ता निघाला आठ क्यू दोन चार. ते तिथून उठून १४ वर जातं, जिथे प्रतिपिंडं बनवणारं जनुक रात्रंदिवस चालू असतं. शेजार बदलला आणि एमवायसीही थांबेना. कोंबडी-उंदीरवाले आणि काचेवर पट्टे मोजणारे, दोघांच्या वह्या एका वर्षात जुळल्या. माणसाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या जीनोम प्रकल्पाचं लोक कौतुक करतात ते करावंच, पण माझ्या लेखी कॅन्सरच्या जनुकशास्त्राचं वर्ष १९८२.

मध्यंतरी इथे फोंड्याला आमच्या शेजारच्या काकांना पोटात डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींचा आकडा असा की त्यांना वाटलं छापताना शून्य जास्त पडलं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गेले, मज्जा तपासली, आणि रिपोर्ट घेऊन थेट आमच्या सोप्यावर. "बाय, हें कितें बरयलां गो?" (हे काय लिहिलंय गं?) ४६, एक्सवाय, टी, नऊ-बावीस, २० पैकी २० पेशी. मी वाचलं आणि आधी गोळीचं बोलले. त्या कायम चालू बटणात नेमकी जाऊन बसणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ पासून वापरात आहे. पत्ता जुळल्यामुळेच बटण कोणतं ते कळलं. ती भारतात सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली यामागे १ एप्रिल २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ज्यात मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला गेला. काकांना कोर्टात रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: "म्हज्या भुरग्यांक जातलें काय?" (माझ्या मुलांना होईल का?)

नाही. हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. नऊ-बावीसची ही अदलाबदल त्यांच्या मज्जेतल्या एका पेशीत, या जन्मात कधीतरी झाली आणि तिच्या पोरांनी ती पुढे नेली. त्यांच्या कातडीत, लिव्हरमध्ये दोन्ही गुणसूत्रं ठणठणीत आहेत आणि मुलांना दिलेलीही ठणठणीतच. 'जनुकाचा आजार' म्हटला की आपल्याकडे लगेच घराण्यावर येतं, आणि मुलीचं लग्न ठरत असलं तर बघायलाच नको.

घराण्यातून येणारे कॅन्सर असतातच, पण त्यांचे पत्ते शोधणं फार कठीण गेलं, कारण तिथे मायक्रोस्कोपखाली बहुतेक वेळा काहीच तुटलेलं दिसत नाही. मग हाती उरतं ते एकच: घरात आजार डीएनएतल्या कोणत्या खुणेबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो ते बघणं. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी बहुधा जोडीने वारशात येतात. लांब असल्या तर बीजपेशी बनताना जोडीतल्या दोन गुणसूत्रांत मधे तुकड्यांची अदलाबदल (ही नेहमीची, आजारातली नव्हे) होऊन त्यांची ताटातूट होते. ताटातूट शंभरात एकदा झाली तर अंतर एक सेंटिमॉर्गन. माणसात ते साधारण डीएनएच्या दहा लाख अक्षरांएवढं.

आणि इथे आमचा गोवा येतो. ताटातुटीच्या टक्क्यांवरून अंतर काढणं दिसतं तितकं सरळ नाही. मधे दोनदा अदलाबदल झाली तर दोन्ही खुणा पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर कमी भासतं. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं, पण एका अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काही परिणाम होत नाही असं धरून. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी होणं अवघड जातं. हे धरून सुधारलेलं सूत्र १९४४ मध्ये दिलं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें गाव. त्या काळात ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. ताटातूट २० टक्के असेल तर हाल्डेन अंतर सांगतात २५.५ सेंटिमॉर्गन, कोसंबी २१.२. गव्हापासून माशापर्यंत जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही विचारतात, हाल्डेन की कोसंबी. पणजीला कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो. इतिहासकार कोसंबी, मार्क्सवादी कोसंबी, नाण्यांचे कोसंबी, सगळे ऐकून झाले. सेंटिमॉर्गनवाल्या कोसंबींवर एखादं व्याख्यान ठेवा की! हाल्डेनही पुढे भारतात आले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

घराण्यांच्या या पद्धतीने अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग स्तनाच्या कॅन्सरमागे लागल्या. इतका सर्रास होणारा आजार एका जनुकावर येईल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे २३ कुटुंबं होती आणि त्यांत १४६ रुग्ण. सगळी एकत्र मोजली तर काही ठरेना. मग कुटुंबं आजाराच्या वयाप्रमाणे लावली. ज्या घरांत बायकांना तरुणपणी कॅन्सर झाला तिथे एक खूण आजाराबरोबर चिकटून येताना स्पष्ट दिसली, आणि उतारवयात होणाऱ्या घरांत नाही. म्हणजे उतारवयातली घरं चित्र गढूळ करत होती. १९९० मध्ये पत्ता जाहीर झाला: सतरा क्यू दोन एक. प्रत्यक्ष जनुक, बीआरसीए १, हाती यायला १९९४ उजाडलं, कारण त्या एका पट्ट्यात लाखो अक्षरं आणि कितीतरी जनुकं दाटीवाटीने बसलीत. १७ नंबरवर टीपी५३ पण आहे, हर२ पण आहे, ही दोन्ही कॅन्सरशी संबंध असलेली जनुकं, त्यामुळे सतरा नंबर म्हणजेच कॅन्सरचं गुणसूत्र का, असं मला एकदा विचारलं होतं. तसं काही नाही, तिथे वस्तीच दाट आहे.

डिचोलीच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, आणि मावशीला चाळिशीतच स्तनाचा कॅन्सर झाला, ती आज बरी आहे. मैत्रिणीला स्वतःची बीआरसीए तपासणी करून मोकळं व्हायचंय. मी तिला म्हटलं, जनुक-सल्लागाराकडे जा, आणि तोही बहुधा हेच सांगेल की आधी मावशीची तपासणी. मावशीत दोष सापडला, नेमका कुठला ते कळलं, की मग तुझ्यात तो नाही याला अर्थ. तुझी एकटीची 'निगेटिव्ह' आली तर इतकंच कळेल की बघितलं तिथे काही दिसलं नाही. घरातला दोष दुसऱ्याच पत्त्यावर असू शकतो, १३ नंबरवरचा बीआरसीए २ तर असतोच शर्यतीत.

मावशी तयार आहे. अडलंय ते पेडण्याच्या मामापाशी. पुरुषाला कशाला असली बायकांची तपासणी, असं त्याचं म्हणणं. मैत्रिणीने फोन माझ्या हातात दिला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं की १७ नंबरची गुणसूत्रं तुमच्याकडेही दोनच आहेत, आणि त्यातलं एकेक तुम्ही तुमच्या दोन्ही मुलींना दिलेलं आहे. पलीकडून बराच वेळ टीव्हीचाच आवाज आला. मग म्हणाला, मावशीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. ते बरोबरच आहे, तोच क्रम आहे.